साख्यसागरला नुसते काळे ठिपकेच दिसले!

प्रश्न: ताई, आम्ही ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो. मागच्या डिसेंबरात मुलाला (वय १०) घेऊन शिवपुरीचा साख्यसागर तलाव बघायला गेलो, पहाटे उठून निघालो, पण पाण्यावर नुसते काळे ठिपके, एक पक्षी ओळखता आला नाही. दुर्बीण २० पट दाखवणारी आहे तरी! पोरगं पार हिरमुसलं. यंदा परत जायचंय, काय करू?

उत्तर: दादा, ती २० पटवाली आधी घरी ठेवा. श्वास घेतला तरी चित्र हलतं तिच्यात, आणि उडता पक्षी तर सापडतच नाही. ८ बाय ४२ लिहिलेली घ्या, म्हणजे ८ पट मोठं आणि पुढची काच ४२ मिलिमीटर, उजेड भरपूर येतो. मुलाला जड झाली तर ८ बाय ३२.

ठिपके काळे दिसले ते समोरच्या उन्हामुळे, सूर्य समोर असला की भगवा चक्रवाकसुद्धा काळाच दिसतो. सकाळी तोंड पश्चिमेला होईल अशी जागा धरा आणि तासभर तिथून हलू नका. सफारीच्या जिप्सीतून सगळा तलाव उरकायची लोकांना घाई असते आणि मग मुलं अशी हिरमुसून परततात, मला फार वाईट वाटतं हो.

पोराला आधी वारकरी नावाचा पाणपक्षी ओळखायला शिकवा. अंग काळंकुट्ट, चोच आणि कपाळ पांढरंशुभ्र, गोपीचंदन लावल्यासारखं, आणि उडायच्या आधी पाण्यावर थपथप धावत सुटतो. तो पक्का झाला की बाकीचे आपोआप वेगळे दिसायला लागतात, थापट्या बदकाची चोच फावड्यासारखी, तलवार बदकाची शेपटी टोकदार. पाण्यातून साप मान काढतोय असं वाटलं तर तो तिरंदाज पक्षी, अंग सगळं बुडालेलं असतं, टोकदार चोचीने मासा भोसकतो, हवेत उडवतो आणि डोक्याकडून गिळतो. हे एकदा दिसलं की पोरगं घरी यायचं नाव घेणार नाही!

एक मात्र सांगते, पाण्याच्या कडेला उतरू देऊ नका, तिथे मगरी आहेत, ओंडक्यासारख्या पडून असतात. आणि मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज लावू नका, पक्षी उगीच बिथरतात. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांच्या वेळी १९१८ साली झालेला हा तलाव २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेला, तिथल्या पाहुण्या पक्ष्यांना निवांत राहू द्या.

शिवपुरीआधी एक रविवार ग्वाल्हेरजवळच्या तिघरा धरणावर जाऊन या. वारकरी तिथेच ओळखून घेतला की झालं.