म्हापशाचा शुक्रवार चुकवू नका

एप्रिलच्या शेवटी गोव्याला जाताय आणि काजू-बेबिंका सोडून काय आणावं, असं विचारलंयत. माझं आजोळ डिचोलीचं, त्यामुळे एकच सांगते: एक शुक्रवार म्हापशाच्या आठवडी बाजारासाठी मोकळा ठेवा आणि ऊन चढायच्या आत तिथं पोचा.

तुम्ही नेमके पुरुमेंताच्या दिवसांत जाताय. पावसात होड्या किनाऱ्याला लागतात, वाळवण होत नाही, म्हणून त्याआधी घरोघरी बेगमी करतात, तेच पुरुमेंत. शब्द पोर्तुगीजांकडून आला, पण हिंदू काय, ख्रिस्ती काय, सगळ्यांच्या तोंडी असतो. सुकी मासळी, चिंच, मिरच्या, कांद्याच्या माळा, मिठागराचं जाडं मीठ, सगळं एकदम बाजारात येतं.

त्यात सोलं, म्हणजे आपली आमसुलं, आधी घ्या. रातांब्याची सालं त्याच्याच रसात पुन्हापुन्हा बुडवून उन्हात वाळवतात. नीट केलेलं सोल काळपट, मांसल असतं आणि बोटांना किंचित चिकटतं. कडकडीत वाळलेलं, वर मीठच मीठ दिसणारं घेऊ नका. ते आमटीत घातलं तर खारटपणा येतो, आंबटपणा नाही. विकणाऱ्या मावशींना विचारून एक तुकडा जिभेवर ठेवून बघा, त्या नाही म्हणत नाहीत. आगळ, म्हणजे रातांब्याचा रस, घेतलंत तर बिनसाखरेचं घ्या, सोलकढीला तेच लागतं.

काणकोणची खोला मिरची मिळाली तर सोडू नका. तिला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. रंग लालभडक, तिखटपणा बेताचा. खाज्यालाही मानांकन मिळालं आहे. बेसनाच्या कांड्या गुळाच्या पाकात घोळवून वर आलं-तीळ, हा आमच्या जत्रांचा खाऊ. मुलांसाठी तो आणाच.

काजू आणणारच असाल तर सालासकट भाजलेले घ्या आणि बी इथलीच आहे का ते विचारा, कारण बाहेरून आलेली बीसुद्धा गोव्यात फोडली जाते. किनाऱ्यालगतच्या एका दुकानातून मी एकदा पाकीटबंद काजू आणले होते, घरी फोडले तर सगळे खवट.

पोई, म्हणजे गोव्याचा पाव, मात्र तिथंच खा, दुसऱ्या दिवशी ती चामट होते. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा ऐकू आला की बाहेर या. कोंडा लावलेली, आतून पोकळ पोई गरम असतानाच फोडायची. हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची दारू, तोही तिथलाच, मार्च ते मे एवढेच त्याचे दिवस.

आणि मासे खात असाल तर पाव किलो सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणा. डोकी-शेपट्या काढून तव्यावर कुरकुरीत भाजा, ओलं खोबरं, कच्चा कांदा, तिखट आणि चिंचेचा थोडा कोळ घालून हातानं कालवा. याला किसमूर म्हणतात. अगदी जेवायला बसताना करा, आधी करून ठेवली तर सुंगटं मऊ पडतात.