'पा-पा' वाजवणाऱ्या मुलीस

दांडिया बाजार, बडोदा

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज आईनं वाचून दाखवला. मोबाइलवर माझी बोटं चालत नाहीत, म्हणून कागद घेतला. ती फोटो काढून पाठवेल.

आठ वर्षं यमन-बागेश्री घासलास, मग व्हायोलिन सोडून त्याचा थोरला, खालच्या सुराचा भाऊ व्हायोला धरलास, आणि मुंबईला बॅलेच्या खेळात रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात बसून तीन-तीन तास काय वाजवतेस, तर नुसतं 'पा-पा'. पहिली मात्रा डबल बासची, दुसरी-तिसरी तुमची. वरून कोणाला तुझं डोकंसुद्धा दिसत नाही. चिडलीस ते बरोबरच आहे. मीही चिडलो असतो.

पण वॉल्ट्झ, म्हणजे तो तीन मात्रांचा नाच, चालू असताना वर नाचणारी मुलगी काय करते ते एकदा विचार. पहिल्या मात्रेला ती खाली येते, गुडघा वाकतो. दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेला चवड्यांवर उठते. म्हणजे ती वर असते तेव्हा तिच्याखाली तुझं 'पा-पा' असतं. ते रेंगाळलं तर बिचारी चवड्यावर ताटकळते, घाईत गेलं तर पाय पुरता उचलायच्या आत खाली यावं लागतं. गवई श्वास घेऊन जागा लांबवू शकतो. उडी मारलेल्या माणसाला हवेत थांबता येत नाही.

बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत, गंधर्व मंडळीत, तबल्याला अहमदजान थिरकवा होते. स्वतंत्र वादनात डोळे दिपवणारा माणूस, पण नाटकात पदाच्या मागे ठेका धरून बसायचा. साध्या ठेक्यातलं वजन काय असतं ते जाणकार अजून त्यांच्याच नावानं सांगतात. तुझं 'पा-पा' हा ठेकाच आहे गं.

आता जिथे तुझी खरी अडचण आहे असं मला वाटतं, ते. तू लिहिलंस, 'कंडक्टर म्हणतात मी मागे पडते, मला तर वाटतं मी बरोबर ऐकून वाजवते.' अगं, ऐकून वाजवतेस म्हणूनच मागे पडतेस! आपली साथ कानानं चालते. मी पायपेटीवर चाळीस वर्षं काढली ती गायकाच्या तोंडाकडे कान लावून. तो पुढे, मी केसभर मागे, त्यातच साथीची शोभा. पण आमच्यात अंतर ते काय, दोन-तीन हात. तुमच्या खड्ड्यात दुसऱ्या टोकाचा ट्रम्पेट दहा मीटरवर. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे तो सूर तुझ्यापर्यंत यायला सेकंदाचे तीन शतांश गेले. तो ऐकून तू वाजवलंस, तुझं ऐकून शेजारणीनं, की खड्डा चिखलात रुतलेल्या बैलगाडीसारखा चालतो. कंडक्टरच्या हातातली काडी मात्र सगळ्यांना एकाच क्षणी दिसते. म्हणून लय डोळ्यानं घ्यायची. कान ठेवायचे सूर जुळवायला, आणि आवाज किती काढायचा ते ठरवायला. हे आपल्या बडोद्याच्या गायनशाळेत कोणी शिकवलं नसेल. मौलाबक्षांनी १८८६ साली सुरसागरकाठी ती शाळा काढली तेव्हापासून तिथे नोटेशन आहे, पण कागद वाचता आला म्हणजे काडी वाचता येतेच असं नाही.

डोळे काडीवर ठेवायचे तर कागद निम्मा पाठ हवा. खूण पेन्सिलीनंच कर, पेन खड्ड्यात नेऊच नकोस. पुढच्या खेळाला कट बदलतो, जागा बदलतात, आणि तुझ्या जागी बदली आलेल्या माणसालाही तोच कागद वाचायचा असतो. एका कागदावर दोघं वाजवता, त्यात पान उलटायचं काम आतल्या बाजूच्या वादकाचं, म्हणजे सध्या तुझं. तेवढ्यापुरतं तुझं वाजवणं थांबलं तरी चालेल, बाहेरच्याचं थांबता कामा नये.

आता माझी फजिती सांगतो. एका संगीत नाटकाच्या खेळात नायिका गद्य म्हणता म्हणता मध्येच थांबली. पद यायला दोन वाक्यं बाकी होती. पद सुरू व्हायच्या आधी हळूच सूर धरून ठेवायचा, म्हणजे गाणाऱ्याला पट्टी सापडते, हे आमचं काम. मला वाटलं विसरली. मी सूर दाबला, वर दोन स्वरांची हरकतही घेतली. लोक हसले. तो तिचा विराम होता. मेकअपच्या खोलीत ती एवढंच म्हणाली, "दादा, तुम्ही वाचवायला धावलात, पण मी बुडत नव्हते." त्यानंतर मी वाजवण्यापेक्षा हात आवरायचा रियाज जास्त केला. खरं सांगतो, तोच अवघड होता.

तुमच्याकडे तर न वाजवायचे आकडे कागदावरच छापलेले असतात. मोत्सार्टचा 'डॉन जोव्हान्नी' हा ऑपेरा १७८७ साली प्रागला पहिल्यांदा झाला. त्यात पितळी ट्रॉम्बोन फुंकणाऱ्यांना खरं काम आहे ते दुसऱ्या अंकात, स्मशानातला पुतळा बोलायला लागतो तेव्हा. तोवर पहिला अंक गेलेला. पण तो आवाज आधी कुठे खर्ची पडलेला नसतो, म्हणूनच पुतळा बोलला की अंगावर काटा येतो.

दिसण्याबद्दल म्हणशील तर वाग्नर या जर्मन ऑपेराकारानं १८७६ मध्ये बायरॉइटला थिएटर उघडलं, त्यात वाद्यवृंद मुद्दाम रंगमंचाखाली नेऊन वर झाकण घातलं. आपल्याकडे उलट. पेटीवाला पहिल्या रांगेच्या नाकासमोर, आणि वन्समोअर आला की त्याच्याही अंगावर चार टाळ्या सांडतात. संगीत नाटकातले गायक नट भाऊराव कोल्हटकर आपल्या बडोद्याचे, त्यांच्या पदांची वर्णनं मी लहानपणी ऐकली. साथीला कोण होतं ते कोणी सांगितलं नाही, मीही कधी विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं.

पैशाचं मात्र आधी बोलून घे. तालमीचे वेगळे की खेळातच धरलेले, हे लाजू नकोस विचारायला. आमची पिढी लाजली.

दिवाळीला येशील तेव्हा मिठाई नको. तो वॉल्ट्झचा कागद आण, फक्त व्हायोलाचा. खालचा बास मी पायपेटीवर धरतो, तू 'पा-पा' वाजव. वरची चाल कोणीच वाजवायची नाही. बघू किती वेळ टिकतो आपण.

तुझे,
पेटीवाले काका