सिंधुदुर्ग पहिल्यांदा पाहताना

मालवणला प्रथमच जात असाल, तर होडीत बसण्यापूर्वी किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा अवश्य पाहावा. खडकात कोरलेल्या गणेश, सूर्य व चंद्राच्या आकृतींपाशी पूजन करून शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर या किल्ल्याची मुहूर्तमेढ रोवली, असे सांगितले जाते. होडी तटाजवळ येईपर्यंत महाद्वार नजरेस पडत नाही, कारण ते बुरुजांच्या आड वळवून बांधलेले आहे. माझ्या मते किल्ल्याच्या रचनेतील सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट हीच, म्हणून तेथे घाई करू नये. प्रवेशद्वाराजवळच्या घुमट्यांमध्ये महाराजांचे मानले जाणारे हातापायांचे ठसे चुन्यात जपलेले आहेत. राजाराम महाराजांनी उभारलेल्या शिवराजेश्वर मंदिरातील शिवाजी महाराजांच्या मूर्तीला दाढी नाही, हे मुद्दाम न्याहाळावे. दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या विहिरींना चहूबाजूंनी खारे पाणी असूनही गोडे पाणी आहे, आणि किल्ला नांदता राहिला तो त्यांच्यामुळेच. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने होड्या बंद असतात. एरवी सकाळी लवकर निघावे आणि परतीची वेळ होडीवाल्यांशी आधीच ठरवून घ्यावी, म्हणजे तटावरून निवांत फिरता येते.