सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं पुरेल का? सोल्डर काढायला पंप घ्यावा की विक?

तुम्ही ऐरोलीत घरीच छोटी सर्किटं बनवता आणि चुकून लागलेला पार्ट काढताना बोर्ड खराब होतो, असं लिहिलंय. मी ठाण्यात नौपाड्याला राहतो आणि बरीच वर्षं जुने रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतोय. त्यावरून सांगतो.

एलईडी, रेझिस्टर, बारीक तारा यांना २५ वॉट पुरतं. अडचण येते ती ग्राउंडच्या रुंद तांब्यावर. ते तांबं उष्णता ओढून घेतं, बिट (आयर्नचं तापणारं टोक) थंड पडते आणि आपण नुसतं दाबत बसतो. वॉट जास्त म्हणजे बिट जास्त गरम असं नाही, गेलेली उष्णता लवकर भरून निघते, एवढंच. म्हणून जमत असेल तर तापमान ठरवता येणारं ५०-६० वॉटचं सोल्डरिंग स्टेशन घ्या आणि ३२० ते ३५० अंशांवर ठेवा. बिट मात्र सुईसारखी नको, चपट्या टोकाची घ्या, साधारण २ मिलिमीटरची. सुईचं टोक पॅडला, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्याला, टेकतंच किती?

पंप (वितळलेलं सोल्डर ओढून घेणारी हातातली नळी) आणि विक (सोल्डर शोषून घेणारी विणलेल्या तांब्याची पट्टी) दोन्ही घ्या, महाग नाहीत. आरपार पायांच्या पार्टला पंप, बोर्डावर चपट्या बसणाऱ्या पार्टला आणि पॅडवर उरलेल्या थराला विक. विकला आधी फ्लक्स (धातू साफ करून सोल्डर नीट पसरवणारा पदार्थ) लावा, नाहीतर ती सोल्डर नीट ओढत नाही. आणि जुना जोड काढताना त्यावर आधी थोडं नवं सोल्डर घाला. उलटं वाटेल, पण त्यातल्या फ्लक्समुळे सगळं एकदम वितळतं आणि पंप एका झटक्यात ओढतो. मला हे माहीत नव्हतं तेव्हा तापमान वाढवून पार्ट खेचला आणि एका अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रॅकच, म्हणजे बोर्डावरची तांब्याची पट्टी, उपटून आला. तिथे तार जोडावी लागली. अजून हळहळ वाटते.

सोल्डर ६०/४० (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं), आत रोझिन (राळेचा फ्लक्स) असलेलं, ०.८ मिलिमीटरचं घ्या. ते १९० अंशांच्या आत पूर्ण वितळतं. शिसं नसलेल्या नेहमीच्या सोल्डरला २१७ च्या पुढे जावं लागतं, हात बसेपर्यंत ते नको. शिसं आहे म्हणून काम झालं की हात साबणाने धुवा. धूर रोझिनचा असतो, तरी तोंडावर घेऊ नका. पावसाळ्यात खिडकी बंद असेल तर धूर तोंडापासून दूर नेईल असा छोटा पंखा लावा.

खरेदीला मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जा: ऐरोलीहून ठाणे, तिथून दादर, मग पश्चिमेची लोकल पकडून ग्रँट रोड. सोल्डरिंग स्टेशन घेतानाच त्याला बसणाऱ्या दोन जादा बिट मागून घ्या.