पंचेचाळीस कोल्टमधलं ‘लाँग’ कुठून आलं?

प्रश्न असा आला आहे: “माझा भाचा ॲरिझोनात असतो. त्याला जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरांचा भारी नाद. त्याच्या तोंडी सारखं ‘फॉर्टीफाइव्ह लाँग कोल्ट’ असतं. त्याच्या क्लबातले एक बुजुर्ग मात्र हा शब्द ऐकला की चिडतात. लाँग कोल्ट नावाचं पंचेचाळीसचं काडतूस कधी नव्हतंच, असं त्यांचं म्हणणं. खरं कोणाचं? आणि मराठीत लिहिताना गोळी म्हणावं की काडतूस? ‘बिग बोअर’ला काय म्हणावं?”

कागदोपत्री बुजुर्गांचंच खरं. काडतुसांची मापं आणि दाबाच्या मर्यादा ठरवणारी अमेरिकी उत्पादकांची जी संस्था आहे, तिच्या यादीत ‘.४५ कोल्ट’ एवढंच नाव आहे (.४५ हा व्यासाचा इंचांतला आकडा). काडतुसाच्या बुडावरच्या शिक्क्यातही बहुधा तेवढंच असतं. तरीही भाच्याला चूक ठरवायला मी तयार नाही. हे ‘लाँग’ कुणी हौसेनं चिकटवलेलं नाही. एके काळी त्याचं काम होतं, आणि ते काम पाहिलं की चिडण्यासारखं फारसं काही उरत नाही.

गोष्ट १८७३ची. अमेरिकी लष्करानं कोल्ट कंपनीचं सिंगल ॲक्शन आर्मी हे रिव्हॉल्व्हर स्वीकारलं. हेच पुढे पीसमेकर म्हणून गाजलं. (ज्यांचं नाव त्यावर आहे ते सॅम्युएल कोल्ट १८६२मध्येच वारले होते. त्यांनी हे हत्यारही पाहिलं नाही आणि काडतूसही.) त्यासाठी बनवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी १.२८५ इंच लांब, म्हणजे जवळजवळ ३२.६ मिलिमीटर. बाजारात मिळणाऱ्या काडतुसात ४० ग्रेन (ग्रेन हे वजनाचं बारीक माप, साधारण पंधरा ग्रेनांचा एक ग्रॅम) काळी दारू ठासलेली असे आणि पुढे २५५ ग्रेनची शिशाची गोळी. त्याला लोक ‘कोल्टचं पंचेचाळीस’ म्हणत. लांब म्हणायचं कारणच नव्हतं, कारण आखूड असं काही नव्हतं.

ते आलं दोन वर्षांत. स्मिथ अँड वेसन कंपनीच्या रिव्हॉल्व्हरात मेजर जॉर्ज स्कोफील्ड यांनी घोडदळाच्या सोयीच्या सुधारणा सुचवल्या होत्या, आणि १८७५च्या सुमारास लष्करानं तेही घेतलं. त्याची खुबी अशी की बिजागरीवर मधोमध मोडलं की सगळ्या रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर पडत. घोड्यावर बसून एकेक पुंगळी दांड्यानं ढकलत बसण्यापेक्षा हे केव्हाही बरं. पण त्याचं सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसवायचा फिरता दंडगोल, आखूड होतं, कोल्टचं काडतूस त्यात मावेना. म्हणून त्या कंपनीनं आपलं वेगळं काडतूस केलं. व्यास जवळपास तोच, लांबी मात्र १.१ इंच. ते कोल्टमध्येही चाले. उलट मात्र होत नसे.

एकाच सैन्यात दोन हत्यारं आणि दोन काडतुसं, त्यातलं एक दोन्हींत चालणारं आणि दुसरं एकातच! पुरवठा खात्यानं काय केलं असेल हे सांगायला नको. फिलाडेल्फियाच्या फ्रँकफर्ड शस्त्रागारानं दोन्हींत बसेल असं आखूड काडतूसच बनवायला घेतलं. स्कोफील्डची रिव्हॉल्व्हरं पुढे सैन्यातून निघाली, पण आखूड काडतूस राहिलं. म्हणजे छावणीत आखूड आणि दुकानात लांब, आणि दोन्हींना बोलण्यात ‘पंचेचाळीस’. पुढे आखूड पुंगळीवर कोल्टचंच नाव ठोकलेली काडतुसंही बाजारात आली. मग गल्ल्यापाशी उभ्या असलेल्या गिऱ्हाईकानं ‘लांबवालं दे’ म्हटलं, तर त्याला भाषेचं अज्ञान म्हणायचं की व्यवहारज्ञान?

मराठी वाचकाला ही चाल ओळखीची आहे. पहिल्या बाजीरावांना त्यांच्या हयातीत कोणी ‘थोरले बाजीराव’ म्हटलं नाही, म्हणण्याचं कारणच नव्हतं. दुसरे बाजीराव गादीवर आल्यावर पहिल्यांना ‘थोरले’ लावावं लागलं. वस्तू तीच राहते, जोडीला दुसरी येते, आणि विशेषण लागतं ते जुन्या नावाला. पंचेचाळीस कोल्टचं ‘लाँग’ याच जातीचं आहे. थोरले म्हटल्यानं बाजीरावांच्या नावात भेसळ झाली असं कोणी म्हणत नाही. तसंच इथे.

बुजुर्गांचा राग मात्र अगदीच बिनबुडाचा नाही. कोल्टच्या काही काडतुसांच्या नावात ‘लाँग’ खरोखरच अधिकृत आहे. .३८ लाँग कोल्ट आहे, .४१ लाँग कोल्ट आहे, .३२ लाँग कोल्टही आहे, आणि त्यांची ‘शॉर्ट’ भावंडंही आहेत. यातलं .३८ लाँग कोल्ट लष्करानं १८९२मध्ये पंचेचाळीसच्या जागी घेतलं. फिलिपिन्सच्या लढाईत ते तोकडं पडल्याची ओरड झाली, तेव्हा गोदामातली जुनी पंचेचाळीसची कोल्ट रिव्हॉल्व्हरं पुन्हा बाहेर काढावी लागली. तेव्हा एखादा जाणकार ‘लाँग कोल्ट’ ऐकून कपाळाला आठ्या घालतो, त्याच्या मनात हा भेद असतो. अडतीसचं ‘लाँग’ बारशाचं आहे, पंचेचाळीसचं टोपणनाव.

टोपणनाव टिकलं कसं, हे अधिक गमतीचं. आखूड काडतूस विसाव्या शतकात मागे पडलं. त्याबरोबर ‘लाँग’ही जायला हवं होतं. पण १९०५च्या सुमारास जॉन ब्राउनिंग यांच्या स्वयंचलित पिस्तुलासाठी .४५ एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल) हे काडतूस आलं. त्यातल्या ‘सी’चा अर्थही कोल्टच! १९११मध्ये ते पिस्तूल लष्करानं घेतलं आणि त्यानंतर अमेरिकेत नुसतं ‘फॉर्टीफाइव्ह’ म्हटलं की लोकांना तेच कळू लागलं. त्याची पुंगळी आपल्या कोल्टच्या पुंगळीहून सुमारे एक सेंटिमीटर आखूड. मग जुन्या रिव्हॉल्व्हरवाल्याला पुन्हा सांगावं लागलं, ‘ते नव्हे, लांबवालं.’ जोडीदार बदलला, विशेषण तेच कामाला आलं. आज काही कंपन्यांच्या खोक्यांवरसुद्धा ‘लाँग’ छापलेलं दिसतं, ते यामुळेच.

आता भाच्याच्या नादाविषयी, कारण नाव इतकं जिव्हाळ्याचं का, हे त्याशिवाय कळणार नाही. दीडशे वर्षांपूर्वीचं हे काडतूस आजही कारखान्यांतून निघतं आणि त्यासाठी नवी रिव्हॉल्व्हरं घडवली जातात. त्याची गोळी २५५ ग्रेनची. ब्रिटिश अमदानीत आपल्याकडे तोळा बरोबर १८० ग्रेनचा ठरवला होता, म्हणजे ही गोळी जवळपास दीड तोळ्याची झाली. आजच्या ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाची नेहमीची गोळी तिच्या निम्म्याहूनही हलकी. वेग मात्र बेताचाच, सेकंदाला साधारण २६० मीटर, आवाजापेक्षा कमी. दाबही कमी: मर्यादा १४,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), तर .४४ मॅग्नम या जबर काडतुसाची ३६,०००. त्यामुळे त्याचा धक्का हाताला झोंबत नाही, ढकलल्यासारखा लागतो, असं ते चालवणारे सांगतात. जड, संथ आणि भारदस्त, हे त्याचं रूप चाहत्यांना भुरळ घालतं. शिवाय घरी काडतुसं भरणाऱ्यांची तिकडे मोठी जमात आहे आणि तिला ही ऐसपैस पुंगळी फार प्रिय.

या ऐसपैसपणातच धोका आहे. पुंगळी घडवली ४० ग्रेन काळ्या दारूसाठी, तर आजच्या निर्धूर दारूचे सात-आठ ग्रेन पुरतात. ते तळाशी कुठेतरी पडलेले असतात. चुकून दुप्पट पडले तरी वरून पटकन कळत नाही, आणि गोळी निमूटपणे वर बसते.

काउबॉय वेषात जुन्या हत्यारांनी नेमबाजीच्या स्पर्धा खेळणारे लोक पंचेचाळीस कोल्टचंच रिव्हॉल्व्हर आणि त्याच काडतुसाची तरफेची रायफल जोडीनं वापरताना दिसतात. दिसायला झकास, इतिहासाला धरून मात्र नाही. एकोणिसाव्या शतकात या काडतुसाची रायफल निघालीच नव्हती. कारण म्हणून बहुधा पुंगळीच्या बुडाच्या अरुंद कडेकडे बोट दाखवतात. तिला पकडून पुंगळी ओढून काढणं रायफलीच्या यंत्रणेला जमलं नसतं. ज्यांना दोन्ही हत्यारांत एकच काडतूस हवं होतं ते ‘चव्वेचाळीस-चाळीस’ घेत. हे नावही शब्दप्रेमींनी लक्षात ठेवण्याजोगं आहे. यातला पहिला आकडा व्यासाचा, दुसरा दारूच्या ग्रेनांचा. म्हणजे नावातच कृती.

आणि व्यासाचे आकडे तरी कुठे खरे असतात? .४४ मॅग्नमची गोळी .४२९ इंचाची. .३८ स्पेशलची .३५७. आपलं पंचेचाळीस त्या मानानं सज्जन म्हणायचं: पूर्वी .४५४, आता .४५२. काडतुसाचं नाव हे माप नसतं, नाव असतं. एवढं पटलं की ‘लाँग’वरून भांडण्यातला जोर निम्मा कमी होतो.

माझं मत विचाराल तर वाद घालायचाच तर तो ‘.४५ कोल्ट’ या शुद्ध नावात जे लपतं त्यावर घालावा. त्या एका नावाखाली आज निदान दोन वेगळ्या ताकदीची काडतुसं मिळतात. एक जुन्या सिंगल ॲक्शन आर्मीला सोसेल असं सौम्य. दुसरं त्याच्या जवळपास दुप्पट दाबाचं, रूगर ब्लॅकहॉकसारख्या जाड सिलिंडरच्या रिव्हॉल्व्हरांसाठीच. काडतुसं भरण्याच्या पुस्तकांत दुसऱ्याची कोष्टकं वेगळी छापतात आणि वर ‘फक्त रूगर’ असा इशारा असतो. पण पुंगळी तीच, बुडावरचा शिक्का तोच. खोक्यातून सुटलेलं एक काडतूस हातात घेतलं तर बाहेरून फरक कळेलच असं नाही. जुन्या कोल्टच्या सिलिंडरच्या भिंती पंचेचाळीसच्या भोकामुळे आधीच पातळ झालेल्या असतात. आयडाहोतले प्रसिद्ध नेमबाज एल्मर कीथ यांच्या हातात १९२०च्या दशकात जबर भरलेल्या काडतुसानं असंच एक सिलिंडर फुटलं. त्यानंतर ते चव्वेचाळीसकडे वळले, आणि त्यांच्या त्या ध्यासातूनच १९५५मध्ये .४४ मॅग्नम आलं. जे ‘लाँग’ काढून टाकायला लोक हिरिरीनं उठतात ते निरुपद्रवी आहे. जे विशेषण खरोखर लागायला हवं होतं, ते कोणी लावलंच नाही.

आता मराठीकडे. ‘गोळी’ आणि ‘काडतूस’ यांची गल्लत आपण सर्रास करतो, पण आपल्याकडे हा भेद दाखवणारे शब्द चांगले रुळलेले आहेत, आणि तेही पोलिसांच्या पंचनाम्यात. ‘एक गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसं’ जप्त होतात. घटनास्थळी ‘रिकामी पुंगळी’ सापडते. शवविच्छेदनात निघते ती ‘गोळी’. पुंगळी, दारू, तळाची टोपी आणि गोळी मिळून काडतूस. उडून जाते ती गोळी, मागे राहते ती पुंगळी. तेव्हा .४५ कोल्ट हे काडतूस आहे आणि २५५ ग्रेन हे गोळीचं वजन आहे. ‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीज ‘कार्तूशु’वरून आलेला, आणि ‘पिस्तूल’ही त्याच गलबतातून उतरलेलं. रिव्हॉल्व्हरसाठी जुन्या मराठीत ‘सहाबारी’ असाही एक सुरेख शब्द होता. पीसमेकरला तो इतका शोभतो की अनुवादकांनी तो परत वापरात आणावा.

‘बिग बोअर’ची मात्र पंचाईत आहे. एक तर मराठी कानाला तो माईक न सोडणारा प्रमुख पाहुणा वाटतो. दुसरं म्हणजे ‘बोअर’ आपण दोन अर्थांनी वापरतो. ‘बारा बोअरची बंदूक’ म्हणतो तिथे बारा हे माप नसून हिशेब आहे: एका पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर, व्यास .७२९ इंच. आकडा वाढला की नळी बारीक होते. पण कानपूरला बनणाऱ्या .३२च्या रिव्हॉल्व्हरलाही बातम्यांत सरसकट ‘बत्तीस बोअर’ म्हणतात, आणि तिथे बत्तीस म्हणजे इंचाचे शतांश. जुन्या हिशेबानं खरोखरचं बत्तीस बोअर काढलं तर नळी अर्ध्या इंचाहून रुंद निघेल! (या रिव्हॉल्व्हरात चालणाऱ्या काडतुसाचं नाव .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. तिथलं ‘लाँग’ बारशाचं, त्याला बुजुर्गांचीही हरकत नसावी.)

म्हणून लेखनात मी ‘मोठ्या व्यासाचं रिव्हॉल्व्हर’ लिहीन. अमेरिकी बोलीत ते साधारण .४० इंचाच्या पुढच्यांना लागू होतं. संवादात पात्राच्या तोंडी ‘बिग बोअर’ चालेल. उच्चार ‘कोल्ट’, ‘कॉल्ट’ नव्हे. माहितीच्या मजकुरात ‘.४५ कोल्ट’ लिहावं. भाच्याच्या तोंडी ‘लाँग’ असेल तर ते तसंच ठेवावं, खोडू नये. आणि गोष्ट १८८०च्या दशकातल्या एखाद्या छावणीत घडत असेल, तर शिपायाच्या पट्ट्यात कोणतं काडतूस आहे ते आधी ठरवावं. बहुधा ते आखूडच असेल.