नंबर घेतलास, मग पुढे काय झालं?

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला तेव्हा मी जागाच होतो, पण उत्तराला तीन दिवस लावले, कारण वाचून आधी राग आला आणि रागात टाईप केलेलं मी हल्ली पाठवत नाही. 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम लुकिंग फॉर सुटेबल अपॉर्च्युनिटी, काइंडली डू द नीडफुल.' अगं, नीडफुल म्हणजे नक्की काय करू? खाली तीन पानी सीव्ही. हाच मेसेज गावभर गेलाय हे वाचतानाच कळत होतं, आणि त्या यादीत मीही एक. दुसऱ्या दिवशी मात्र तुझा सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला, त्यात तू खरं बोललीस. लिंक्डइनवर २१४ जणांना रिक्वेस्ट पाठवल्या, बोलले कोणीच नाहीत, आणि त्याच दमात, 'सर, पण ओळखीने लागायचं म्हणजे वशिलाच ना, मग मेरिटला काय अर्थ.' म्हणजे ओळखी नाहीत म्हणून रडायचं आणि आहेत त्या वापरायची लाज. दोन्ही एकदम कसं चालेल?

वशिल्याचं आधी मिटवू. मी शिरवळला तुमच्या कारखान्यात क्वालिटीच्या ऑडिटला आलो होतो, आठवतंय का? बोअरचा, म्हणजे भोकाचं माप तपासायचा, प्लग गेज मी नुसता उचलला, स्टिकर बघायच्या आतच तू म्हणालीस, 'सर, याची कॅलिब्रेशनची ड्यू डेट चार दिवसांपूर्वी गेलीय, म्हणून लाइनवरून काढलाय, मधले दोन लॉट दुसऱ्या गेजने रिचेक केलेत, हा रिपोर्ट.' तुझा मॅनेजर मागे उभा राहून तुला डोळे मोठे करून दाखवत होता, ते मला समोरच्या काचेत दिसलं. मी मायनर एनसी, म्हणजे छोटी त्रुटी, टाकलीच, ते माझं काम. पण लक्षात राहिलीस तू, हा मुद्दा.

आता बघ. मी एखाद्या प्लांट हेडला फोन करून म्हणालो की 'माझ्या ओळखीची मुलगी आहे, बघा जरा', तर तो वशिला. आणि मी त्याला हा प्लग गेजचा किस्सा सांगितला तर ती साक्ष. वशिल्यात माझी खुर्ची बोलते, साक्षीत तुझं काम बोलतं. साक्ष मागायला लाज कसली? भीड ही भिकेची बहीण असं आपली म्हातारी माणसं उगाच म्हणत नव्हती.

पण राग आला तो वेगळ्याच कारणाने. जूनमध्ये तुमची ऑर्डर गेली, तुम्हा सहा जणांना घरी बसवलं, तेव्हा मी तुला चाकणच्या एका क्वालिटी हेडचा नंबर दिला होता. दिला होता ना? तू त्याला फोन केलास, तो म्हणाला ये, तू जाऊन भेटलीस, त्याने दिवाळीनंतर बघू म्हणून सांगितलं. हे सगळं मला कोणी सांगितलं? त्यानेच. तू नाही. चार महिने तुझ्याकडून एक ओळ नाही आणि मग एकदम रात्री पावणेबाराला काइंडली डू द नीडफुल.

तर मला तुला एकच गोष्ट सांगायचीय आणि ती मी या पत्रात चार वेळा सांगणारे, कंटाळा आला तरी वाच. कळवत जा. ज्याने नंबर दिला त्याला फोन झाल्यावर कळव, भेट झाल्यावर कळव, नाही म्हणाले तर कळव, दुसरीकडे लागलीस तर तेही कळव. लोक नेटवर्किंग नेटवर्किंग म्हणतात, लिंक्डइनवर त्याचे कोर्स विकतात, पण माझ्या तीस वर्षांत मी बघितलंय की नंबर मागणारे शंभर असतात आणि परत येऊन 'साहेब, असं असं झालं' सांगणारे चार. त्या चौघांना कधी घरी बसलेलं बघितलं नाही. म्हणजे बसले असतील, पण फार दिवस नाही.

हे मी तुला एवढ्या तोंडाने सांगतोय कारण मीच कळवलं नव्हतं.

२००९ साल. अमेरिकेतल्या मंदीने भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपची दुसरी शिफ्ट खाल्ली, मुलगी दुसरीत, घराचा हप्ता चालू. आमच्याकडे फोर्जिंग पुरवणाऱ्या कंपनीतले एक गृहस्थ होते, माझी त्यांची ओळख म्हणजे महिन्यातून एकदा रिजेक्शनवरून भांडण, एवढीच. त्यांनी आपण होऊन रांजणगावच्या एका प्लांट हेडशी बोलून माझा इंटरव्ह्यू ठरवला. सोमवारी सकाळी दहा वाजता. शनिवारी संध्याकाळी मला चाकणहून ऑफर आली, पगार बरा, बस घराजवळून. मी घेतली. आणि सोमवारी रांजणगावला गेलो नाही. फोनही केला नाही. काय सांगणार, असं वाटलं. उद्या करू म्हणलं, मग आठवडा गेला, मग एवढ्या उशिरा करायचा कसा म्हणून राहिलाच. तुला ओळखीचं वाटतंय ना हे?

सात-आठ वर्षांनी बेंगळुरूला इमटेक्सच्या प्रदर्शनात, सीएनसी मशिनच्या एका स्टॉलवर, हातात कागदी कपात कॉफी घेऊन ते समोर. मी पाया पडायचाच बाकी होतो. त्यांनी विचारपूस केली, मुलगी काय करते विचारलं, अगदी छान बोलले. जाताना सहज म्हणाले, 'तुमच्यानंतर मी रांजणगावला कोणाचं नाव सुचवलं नाही. तो माणूस तासभर थांबला होता हो.' बस, एवढंच. चिडले असते तर बरं झालं असतं. माझं काहीच बिघडलं नव्हतं, माझी नोकरी मस्त चालू होती. बिघडलं ते माझ्यानंतर त्यांच्याकडे आलेल्या कोणाचं तरी, ज्याला मी ओळखतही नाही. एक फोन. तेव्हा इनकमिंग फुकट होतं, आउटगोइंगला फार तर रुपया पडला असता.

म्हणून कळव म्हणतो. नको असलेली बातमी असली तरी कळव. 'सर, मी दुसरीकडे जॉईन झाले, त्यांचा वेळ वाया गेला, सॉरी' एवढं लिहायला पोट दुखतं हे मला माहितीय, तरी लिही.

आता त्या २१४ जणांचं. आपल्याला वाटतं जवळची माणसं कामाला येतात. १९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा एक अभ्यास छापून आला, त्यात त्याने बॉस्टनजवळ ओळखीतून नोकरी लागलेल्या लोकांना विचारलं होतं की ज्याच्याकडून कळलं तो माणूस तुम्हाला तेव्हा किती वेळा भेटायचा. आठवड्यातून दोनदा तरी भेटणारा असं म्हणणारे निघाले १७ टक्क्यांच्या आसपास. अधूनमधून भेटणारा म्हणणारे ५६ टक्के, आणि वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी म्हणणारे २८ टक्के. कारण सोपं आहे, तुझ्या मैत्रिणीला जे कळतं ते तुलाही आधीच कळलेलं असतं, त्याच कॉलेजचा ग्रुप, तेच फॉरवर्ड. पण म्हणून अगदीच अनोळखी २१४ जण? २०२२ मध्ये लिंक्डइनच्याच दोन कोटी लोकांवर झालेला एक मोठा अभ्यास आला, त्यातही जास्त उपयोगी ठरल्या त्या मधल्याच ओळखी, ना गळ्यातल्या ना अगदी लांबच्या. शिवाय जे धंदे कमी डिजिटल त्यात जवळच्या ओळखी जास्त चालतात असंही त्यात आहे, आणि आपला लोखंडाचा धंदा किती डिजिटल ते तुला माहितीय, अजून अर्ध्या ठिकाणी इन्स्पेक्शन रिपोर्ट पेनाने भरतात.

तर तुझी मधली ओळख कोण? मी विचार करत होतो आणि मला हसू आलं. तो प्लग गेज ज्याच्याकडे कॅलिब्रेशनला जायचा तो लॅबवाला! महिन्याला तीस-चाळीस कारखान्यांत बॅग घेऊन फिरतो, सगळीकडे क्वालिटीच्या टेबलावर बसून चहा पितो. कोणाचा इंजिनियर नोटीस पिरियडवर आहे, कोणाकडे कस्टमर कम्प्लेंट येऊन पडलीय आणि एट-डी, म्हणजे त्या तक्रारीचं कारण आणि उपाय सांगणारा रिपोर्ट, लिहायला माणूस नाही, कोणाचं गाड्यांच्या पार्ट्सच्या क्वालिटीचं आयएटीएफ ऑडिट तोंडावर आलंय आणि फायली रिकाम्या, हे त्याला एचआरच्या आधी माहिती असतं. आपल्या साइजच्या कंपन्यांत जागा नोकरी डॉट कॉमवर येते ती सगळ्यात शेवटी, अगं. आधी ती प्लांट हेडच्या डोक्यात असते, मग तो क्वालिटीवाल्याला विचारतो 'कोणी आहे का बघण्यात', मग दोन आठवडे कोणी मिळत नाही, आणि मग वैतागून जाहिरात. तुला त्या दोन आठवड्यांत पोचायचंय. सीएमएम या मोजमापाच्या मशिनचा सर्व्हिस इंजिनियर, प्लेटिंगवाला, गेजचा सप्लायर, तुमच्या कस्टमरकडचा सप्लायरची क्वालिटी बघणारा तो एसक्यूए जो तुझ्यावर सारखा ओरडायचा, ही तुझी माणसं. लिंक्डइनवर व्हाइस प्रेसिडेंट शोधत बसलीयस.

मेसेज कसा लिहायचा तेही आता मीच सांगायचं का? सांगतो. 'नमस्कार, मी शिरवळच्या प्लांटला क्वालिटीत होते, तुम्ही आमचे गेज न्यायला यायचात. जूनपासून मी तिथे नाही. मोजमापाची तपासणी (एमएसए), नव्या पार्टची मंजुरी (पीपॅप) आणि कस्टमर कम्प्लेंट मी स्वतः हाताळल्यात. तुम्ही जाता तिथे कुठे क्वालिटीत माणूस हवाय असं कानावर आलं तर सांगाल का? नुसतं कंपनीचं नाव कळलं तरी पुढचं मी बघते.' झालं. शेवटची ओळ महत्त्वाची, कारण माणसाला मदत करायची असते पण गळ्यात पडलेलं कोणाला नको असतं. आणि त्याने नाव सांगितलं की काय करायचं?

बरोबर. कळवायचं.

मोठ्या कंपनीत कोणी ओळखीचं असेल तर त्याला पोर्टलवरून रेफर करायला सांग, तिथे बऱ्याच ठिकाणी रेफर करणाऱ्याला तू टिकलीस तर चार पैसेही मिळतात, त्यामुळे उपकाराचं ओझं घेऊ नकोस. पण त्याला जॉब आयडी शोधून दे, त्याला शोधायला लावू नकोस.

तुला वाटेल मी फार कडक बोलतोय. घरातही हेच म्हणतात. माझ्या मेहुणीच्या मुलाचा सीव्ही मी पुढे पाठवला नव्हता, त्यावरून आमच्याकडे एक लग्न अबोल्यात गेलं. माझं म्हणणं एवढंच होतं की मी त्याला काम करताना बघितलेलं नाही, मी काय सांगू त्याच्याबद्दल, गणपतीत आरती छान म्हणतो म्हणून? मी म्हणलं, एक दिवस ये शॉपवर, व्हर्नियर धर, ड्रॉइंग वाच, मग लिहितो. त्याला अपमान वाटला. बायको अजून म्हणते एक मेल केला असता तर काय झिजला असतास. झिजलो असतो! माझं नाव हीच माझी सगळी कमाई आहे, ते मी न बघितलेल्या मालावर स्टॅम्प मारल्यासारखं कसं मारू? आजही तसंच करीन. मुलगा नंतर हिंजवडीला कुठेतरी लागला म्हणे, चांगलं चाललंय त्याचं. मला दुसऱ्यांकडून कळलं. त्याने कशाला कळवावं, मी दिलं काय होतं त्याला? हे मात्र मला कधीकधी रात्री सुचतं, म्हणून सांगितलं. ऐकून सोडून दे.

शनिवारी साडेचारनंतर मी भोसरीत आहे, ये. सीव्ही एका पानाचा कर, त्यातलं हार्डवर्किंग आणि टीम प्लेयर काढून टाक, गेज आर अँड आर, म्हणजे मोजमापातला फरक, २६ वरून ९ टक्क्यांवर आणलास म्हणाली होतीस ते पहिल्या तीन ओळींत घे. फाइलला 'फायनल न्यू २' असलं नाव देऊ नकोस.

आणि यायच्या आधी त्या चाकणच्या साहेबांना फोन कर. दिवाळी होऊन तीन आठवडे झाले. तू करणारेस हे मी त्यांना सांगून ठेवलंय, गुरुवारी जेवणानंतर ते जरा मोकळे असतात.