‘तसला विषय’ आणि गोठ्यातली कांडी

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पलूसकडचे तुम्ही, मुलगी एमएस्सी झूलॉजी चांगल्या मार्कांनी झाली आणि आता शुक्राणूंवर पीएचडी करायची म्हणते. तुमचं म्हणणं, पाहुण्यांना काय सांगायचं, स्थळं यायला लागलीत, तिला बीएडचं समजवा. अख्ख्या पत्रात शुक्राणू हा शब्द एकदाही नाही, ‘तसला विषय’ मात्र चार वेळा आहे. मोजलं मी.

पण त्याच पत्रात खाली लिहिलंय की घरी तीन एचएफ गाई आहेत आणि दुधावरच पोरीला शिकवली. मग गाय माजावर आली की फोन कुणाला लावता हो? तो कृत्रिम रेतनवाला गाडीवर द्रव नायट्रोजनचा कॅन घेऊन येतो, झाकण काढलं की पांढरी वाफ, चिमट्यानं वळूच्या रेताची कांडी उचलायची आणि कोमट पाण्यात सोडायची, उणे 196 डिग्रीत निजलेले शुक्राणू 37 डिग्रीच्या पाण्यात अर्ध्या मिनिटात हालायला लागतात. तेव्हा तुम्हीच दारात उभं राहून गल्लीला ऐकू जाईल असं विचारत असाल, ‘कालवडीचीच कांडी आणलीस नव्हं?’ ती कालवडीची कांडी होते कशी, तर मादी करणाऱ्या शुक्राणूत डीएनए साधारण 4 टक्के जास्त असतो, त्यावर रंग चढवून लेझरखालून एकेक शुक्राणू वेगळा काढतात. हे शोधणाऱ्यांच्या घरीही पाहुणे येतच असतील की. गोठ्यात चालतं ते पोरीच्या वहीत का चालत नाही, हे मला खरंच कळलं नाही.

दुसरं, तुम्ही लिहिलंय की ‘किती आहेत, पळतात का, एवढं तर तालुक्याचा लॅबवाला पण सांगतो, त्याला पाच वर्षं कशाला?’ इथंच सगळी चुकतात. ताज्या शुक्राणूला अंड्यात शिरताच येत नाही, मादीच्या शरीरात काही तास काढल्यावर तो तयार होतो, त्याच्या आवरणातलं कोलेस्टेरॉल निघून जातं, आत कॅल्शियम शिरतं आणि शेपटी चाबकासारखी फिरायला लागते. चँग आणि ऑस्टिन या शास्त्रज्ञांनी हे 1951 मध्ये वेगवेगळं दाखवलं. ते कॅल्शियम ज्या दारातून येतं ते कॅटस्पर 2001 मध्ये सापडलं, आणि उंदरात ते बंद केलं तर काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, नॉर्मल पण पिल्लू शून्य. म्हणजे नॉर्मल काउंटचा कागद हातात असूनही दोष नराकडे असू शकतो. आपल्याकडे तेवढ्या कागदावर सुनेला देवऋष्याकडं नेणारी घरं मी बघितलीत, तुम्हीही बघितली असतील.

पीएचडीची वाट नेहमीचीच, सीएसआयआर नेट लाइफ सायन्सेसची परीक्षा, त्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिना 37,000 आणि वर घरभाडं. मुंबईत परळला आयसीएमआरची, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची, याच विषयाची संस्था आहे, 1986 मध्ये केईएममध्ये शास्त्रीय नोंदीतली देशातली पहिली टेस्टट्यूब बेबी हर्षा जन्मली तेव्हा डॉ. इंदिरा हिंदुजांच्या जोडीला तिथलेच डॉ. आनंद कुमार होते.

आणि बीएडचं म्हणाल तर संस्थेत चिकटायला किती मोजावे लागतात ते माझ्याकडून लिहून घेऊ नका.

मला काळजी वेगळीच आहे. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात, मग पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम, तेही बऱ्याचदा परदेशात, आणि पर्मनंट जागा थोड्या. शिवाय या कामात उंदीर मारावे लागतात, तिला ते जमणार आहे का हे कुणी विचारलंय? म्हणून थेट पीएचडीला नाही, आधी वर्षभर एखाद्या प्रोजेक्टवर असिस्टंट म्हणून जाऊ दे. सहा महिने एकच प्रयोग फसत राहिला तरी सकाळी लॅबला जावंसं वाटतंय का, ते तिचं तिलाच कळेल.

आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही न वाचता पाठवा. पाहुण्यांनी विचारलंच तर सरळ गोठ्यात न्या, कांडी दाखवा.